पाचव्या बारीचे मानकरी

“आधी चपला काढा.”

श्री. इनास तुस्कानो यांनी माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मोजणी कचेरीत भूकरमापक म्हणून रुजू होऊन मला जेमतेम तीन दिवस झाले होते. भूकरमापक म्हणजे सरकारतर्फे जमिनी मोजणारा, आणि आमच्या कचेरीत तोवर तो पुरुषच असायचा. मी पहिली बाई. वसईतल्या गास गावच्या एका भातखाचराच्या कडेला साहेब उभे होते, शेजारी मी. मला वाटलं, जवळपास एखादं देवस्थान असावं. इकडेतिकडे पाहिलं. ना देऊळ, ना क्रूस. नुसतं कापणी झालेलं शेत.

“इथे कुठे देव आहे, साहेब?” मी विचारलं.

“देव सगळीकडे आहे हो. पण चपला त्याच्यासाठी नाही, ओल कळावी म्हणून काढायच्या. सगळ्या शेतात फिरून या आणि पायाला कुठे गार लागतं ते सांगा. मोजणीची साखळी त्यानंतर.”

मला असा राग आला! मी तशी लवकर तापणारी बाई आहे, आमच्या कचेरीतल्या कपाटांनासुद्धा ते ठाऊक आहे. पहिल्या वर्गात डिप्लोमा करून आलेली मी, त्यात गासचीच लेक, आणि हे गृहस्थ मला माझ्याच गावात अनवाणी फिरायला लावतात! पण फिरले. उत्तरेच्या कोपऱ्यात पाय गार झाले, तसं येऊन सांगितलं. साहेबांनी खिशातून निळी पेन्सिल काढली, कोऱ्या कागदावर त्या कोपऱ्यात एक बारीक रेघ ओढली आणि मगच साखळी उलगडायला सांगितली. आमच्या खात्यात आधी हद्दी काढतात, काळ्या शाईत. विहीर, ओढा, झाड असलं काही असेल तर ते शेवटी. साहेबांचा नकाशा मात्र नेहमी पाण्यापासून सुरू व्हायचा. असं का, हे मी त्यांना पुढे कितीदा तरी विचारलं. “सवय आहे,” एवढंच म्हणायचे. त्या सवयीमागचं खरं कारण कळायला मला सत्तावीस वर्षं लागली. ते सांगता यावं म्हणूनच मी या गौरवग्रंथासाठी लिहायला बसले आहे.

साहेब पुढच्या महिन्यात पंचाहत्तर वर्षं पूर्ण करत आहेत. सांडोरचे वाडीवाले, कचेरीतले आम्ही जुने सहकारी आणि त्यांच्या रविवारच्या फेरीतली मंडळी, अशा सगळ्यांनी मिळून हा ग्रंथ काढायचं ठरवलं. संपादकांनी मला ‘कार्य, मूल्ये आणि व्यक्तिगत आठवणी’ असे तीन भाग पाडून लिहायला सांगितलं होतं. मी जमिनीचे भाग पाडते, माणसाचे मला जमत नाहीत. तेव्हा संपादकांनी रागावू नये. जसं आठवेल तसं लिहिते.

एक गोष्ट मात्र आधी सांगून टाकते, कारण तिला तीस वर्षं झाली तरी मी ती त्यांच्याजवळ कधी काढलेली नाही. मोजणीच्या कामात बाईची खरी अडचण कोणती, ते पुरुषांच्या डोक्यातही येत नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत उघड्या रानात काम. लघवीला जायचं कुठे? इतर सहकारी वाईट नव्हते, त्यांना सुचायचंच नाही. साहेब मात्र कुठल्याही गावी पोचलो की पहिल्यांदा एका घराशी थांबायचे. “या आमच्या सुनंदाबाई. लांबून आल्यात, यांना जरा पाणी द्या,” असं घरच्या बाईला सांगायचे आणि स्वतः दूरच्या कुंपणाशी जाऊन खुंट तपासत बसायचे. मला वाटायचं, काय हा पाहुणचाराचा सोस! दोन वर्षांनी माझी ट्यूब पेटली. ते घर दरवेळी बायामाणसांचं असायचं, मागच्या बाजूला न्हाणीघर असायचं आणि घरातल्या बाईला मी येणार हे आधीच माहीत असायचं. हा माणूस आदल्या दिवशी सायकलवरून जाऊन सगळं बघून येत होता. तोंडावर आभार मानले असते तर साहेब सायकल टाकून पळाले असते. आज छापून मानते आहे, आता पळायची सोय नाही.

निवृत्तीनंतर साहेबांनी रविवारची फेरी सुरू केली. सकाळची मिस्सा झाली की डोक्याला टोपी, खिशात केळीच्या पानात बांधलेली सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, आणि हातात जुन्या नकाशाची झेरॉक्स घेऊन ते चर्चच्या फाटकाशी उभे राहतात. ज्याला यायचं त्याने यावं. ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान, विरारच्या नव्या टॉवरमधले, सगळे येतात. मोनिकाबाई, म्हणजे साहेबांच्या पत्नी, पहिल्याच रविवारी आम्हाला म्हणाल्या होत्या, “यांना दोनशे वर्षांपूर्वीचा रस्ता सापडतो, पण कपाळावरचा चष्मा सापडत नाही. सांभाळून न्या.”

फेरीत साहेब सनावळ्या सांगत नाहीत. ते विचारतात, रस्ता इथे का वळला? हे घर रस्त्याकडे पाठ करून का उभं आहे? आमच्या डोक्यात कधी न आलेले प्रश्न. स्टेशनच्या पाटीवरचं ‘वसई रोड’ हे नाव मी जन्मभर वाचत आले. त्यातला ‘रोड’ कशासाठी, हे कधी मनात आलं नव्हतं. साहेब म्हणाले, “कारण स्टेशन वसईत नाहीच! इंग्रजांनी आपल्या सोयीने पूर्वेला रूळ टाकले आणि गावाला सांगितलं, इथून तुमच्या वसईला रस्ता जातो. त्याआधी फिरंग्यांनी, म्हणजे पोर्तुगीजांनी, समुद्राकडे तोंड करून शहर वसवलं होतं, कारण त्यांची गलबतं तिकडून यायची. इंग्रजांचा माल रुळांवरून जायचा, म्हणून बाजारपेठेने तोंड फिरवलं. आणि आपण? जिकडे साहेबाचं तोंड, तिकडे आपलं तोंड!” आम्ही हसलो. मग हळूहळू लक्षात आलं की आमचं सगळं येणंजाणं, दुकानं, शाळा, सोयरिकीसुद्धा त्या एका तोंड फिरवण्याने ठरल्या होत्या.

एकदा फेरीत कोणीतरी खोचकपणे विचारलंच, “पण साहेब, तुमचं चर्चसुद्धा फिरंग्यांनीच बांधलं ना?” साहेबांनी शांतपणे सुकेळ्याचा तुकडा मोडला.

“हो की. आणि त्याच चर्चमध्ये माझी आजी मराठीत प्रार्थना म्हणत म्हातारी झाली. आलेलं सगळं परत पाठवता येत नाही, पाठवायचं कारणही नाही. पण कोणी काय कुठे ठेवलं आणि कशासाठी ठेवलं, एवढं तरी आपल्याला ठाऊक असावं. घ्या, सुकेळं घ्या.”

दुसऱ्या एका रविवारी आम्ही तुळिंजच्या भर बाजारात उभे होतो. तळमजल्यावर राहणाऱ्या एका काकू तावातावाने सांगत होत्या की दर पावसाळ्यात त्यांच्या स्वयंपाकघरात गुडघाभर पाणी येतं. साहेब त्यांना घेऊन थेट रुळांच्या भरावाशी गेले. डोंगराकडून निघालेलं पाणी खाडीकडे जायला बघतं आणि वाटेत हा भराव आडवा पडलाय, हे त्यांनी काठीने जमिनीवर रेघा ओढून दाखवलं. खालच्या मोऱ्या तेव्हाच्या भातखाचरांच्या मानाने ठेवलेल्या, इतक्या बिल्डिंगांचं पाणी त्यांतून कसं जाणार? काकूंचा मुलगा कॉलेजातला. तो म्हणाला, “म्हणजे अंकल, आमच्या किचनमध्ये पाणी येतं ते इंग्रजांमुळे? ते जाऊन किती वर्षं झाली यार!”

“भराव त्यांनी घातला, खाचरं आपण बुजवली,” साहेब म्हणाले. “निम्मा दोष त्यांना देऊ, निम्मा आपण ठेवू. सगळा त्यांच्यावर टाकला तर आपल्याला करायला काहीच उरणार नाही.”

हे ‘निम्मा आपण ठेवू’ साहेब किती मनापासून म्हणत होते, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. आता सांडोरच्या बावखलाची गोष्ट सांगते.

बावखल म्हणजे आमच्या वसईच्या वाड्यांमधलं, म्हणजे बागायतींमधलं, गोड्या पाण्याचं खोदलेलं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, झिरपतं आणि आजूबाजूच्या केळी, पडवळ, दुधी, मोगरा सगळे त्याच्यावर जगतात. सांडोरचं हे बावखल सात वाड्यांना पाणी देतं. पूर्वी रहाट होते, आता पंप आहेत. कोणी कधी पाणी घ्यायचं ते ठरलेलं. ज्याच्या त्याच्या एका दिवसाच्या पाळीला तिथे बारी म्हणतात. पहिल्यांदा मी तिथे गेले ती फिलूबायकडून सुकेळी आणायला. फिलूबाय म्हणजे त्या सातांपैकी मधल्या वाडीच्या मालकीण, तेव्हाच ऐंशीच्या घरात. माहेर पाचूबंदरचं, कोळ्यांचं, त्यामुळे इतकी वर्षं केळीत काढूनही बोलण्यात ‘पानी’च. त्या दिवशी एकही पंप चालू नव्हता. मी विचारलं, “वीज गेली का?” फिलूबाय हसल्या. “नाय गो, आज बावखलाला सुट्टी.” मी थट्टा समजून सोडून दिलं.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी फिलूबाय एक नोटीस पदराखाली धरून साहेबांच्या ओटीवर आल्या. बावखलाच्या कडेची एक पट्टी परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबाने एका बांधकाम कंपनीला विकली होती. बावखल त्याच सर्व्हे नंबरात, आणि कागदावर बावखल नव्हतंच. तिथे लिहिलं होतं, ‘पोटखराबा, पड’. म्हणजे शेताच्या पोटातली, काही न पिकणारी, रिकामी जागा. कंपनीने ती भराव घालून सपाट करायची परवानगी मागितली होती. कोणाची हरकत असेल तर सुनावणीला या, असं नोटिशीत म्हटलं होतं.

“इनास, पड मंजे काय रे?” फिलूबायने विचारलं. “माजी केल काय वाऱ्यावर वाडली?”

साहेबांनी नोटिशीला जोडलेला नकाशा डोळ्यांजवळ नेला आणि तो खाली ठेवलाच नाही. दुपारी मोनिकाबाईंचा मला फोन आला, “यांनी ताट सरकवून दिलंय. तुम्ही या.”

मी गेले. साहेबांनी नकाशा माझ्यापुढे ठेवला. “हे अक्षर कोणाचं, ओळखता?”

न ओळखायला काय झालं! असं सुरेख, छापल्यासारखं अक्षर आमच्या कचेरीत एकाच माणसाचं. खाली सही होती, इनास तुस्कानो. पन्नास वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच वर्षी, त्यांना जीर्ण झालेल्या इंग्रजी अमदानीतल्या नकाशांवरून नवे नकाशे उतरवायला बसवलं होतं.

“जुन्या नकाशात तिथे ‘पड’ होतं, मी ‘पड’ लिहिलं,” साहेब म्हणाले. “इंग्रजांची मोजणी इंचाइंचाला बरोबर, सुनंदाबाई. चूक मोजण्यात नव्हती, बघण्यात होती. जमिनीला ते एकच प्रश्न विचारत, सारा किती देशील? बावखलात पीक नाही म्हणून सारा नाही, आणि सारा नाही म्हणून ती जागाच फुकट. सात वाड्यांचा जीव असलेलं पाणी त्यांनी एका शब्दात पुसलं. ते परके होते, त्यांचं सोडा. पण मी? मी त्याच बावखलात पोहायला शिकलो हो! माझ्या बापाने मला तिथेच पाण्यात ढकललं होतं. नाकातोंडात गेलेलं पाणी मला आठवत होतं, आणि तरी मी कागद बघून ‘पड’ लिहिलं. शाबासकीही घेतली, अक्षर चांगलं म्हणून.”

नोकरीला दोन वर्षं झाल्यावर एकदा तिथून जाताना त्यांना ती चूक फारच टोचली. त्यांनी वरिष्ठांना सांगितलं, वरिष्ठ म्हणाले, “जुन्या नकाशाबरहुकूम आहे ना? मग झालं तर.” नव्या नोकरीतल्या माणसाने तोंड मिटलं. त्या दिवशी त्यांनी बाजारातून निळी पेन्सिल आणली. त्यानंतरच्या प्रत्येक नकाशात आधी पाणी.

खरं सांगते, माझे डोळे भरून आले आणि त्याच क्षणी मी भांडायला लागले. “काका,” मी म्हटलं, कारण निवृत्तीनंतर ते आमचे काका झाले आहेत, “सुनावणीत हे सांगायचं नाही. पद्धतच तशी होती असं म्हणा. सगळा तालुका तुमच्या नावाची शपथ घेतो. या वयात कशाला स्वतःच्या हाताने काळं फासून घेता?”

“पद्धत त्यांची होती. पाय माझे होते, आणि ते भिजलेले होते.” साहेब एवढंच म्हणाले आणि मोनिकाबाईंकडे वळले. “जेवायला वाढ गं.”

सुनावणीत कंपनीचे वकील तरुण आणि अदबशीर होते. त्यांनी नकाशा पुढे केला आणि विचारलं, “हा आपणच केलेला ना?”

“मीच. अक्षर सुरेख आहे की नाही? चूकही माझीच आहे. तिथे पाणी होतं, आजही आहे. मला ते माहीत होतं आणि मी ते लिहिलं नाही.”

सुनावणी घेणाऱ्या मॅडमनी मान वर केली. पन्नास वर्षांपूर्वीच्या सहीचा मालक समोर उभा राहून सही खोटी नाही पण नकाशा खोटा आहे असं सांगतो, हे त्यांनी कधी पाहिलं नसावं. वकील म्हणाले, “गावाच्या प्रेमापोटी सांगताय, काका. आत्ता तिथे पाणी आहे, मान्य. पण आमचं म्हणणं, तो मातीसाठी अलीकडे खणलेला खड्डा आहे. मूळ मोजणीच्या वेळी पाणी होतं याला कागद काय?”

कागद एकच असू शकत होता. इंग्रजी नकाशा वर जाण्याआधी इथल्याच मराठी कारकुनांनी जागेवर बसून मोडीत टिपणं लिहिली होती. त्या टिपणांचं बाड आमच्या दप्तरखान्यात होतं, पण कापडात गुंडाळलेलं. मी अजून नोकरीत असल्यामुळे मला बाजू घेता येत नव्हती. ते बाड आहे एवढं मी मॅडमना सांगितलं, कारण ते सांगणं माझं कामच होतं. त्यात काय लिहिलंय, कोणालाच माहीत नव्हतं. तिथेही ‘पड’ असेल तर खेळ खलास, बावखल गेलं आणि साहेबांच्या कबुलीचं हसं झालं.

मॅडमनी स्थळपाहणी ठेवली. जिल्ह्याहून मोडी वाचणारे एक वयस्क गृहस्थ आले. बाड सगळ्यांसमोर सोडायचं ठरलं. साहेबांनी एकच विनंती केली, “मॅडम, आधी माणसांना बोलू द्या, मग कागदाला.”

बावखलाच्या काठाला सात वाड्यांची माणसं जमली होती. वकिलांनी फिलूबायला विचारलं, “आजी, पाणी कोण कोण घेतं?”

फिलूबायने पदर खोचला आणि त्या बोटांवर मोजत सांगायला लागल्या. “पयली बारी मोट्या वाडीची. दुसरी चिंचेच्या वाडीची. तिसरी क्रूसाच्या वाडीची. चवथी आमची, मधल्या वाडीची. पाचवी गुरांची. सावी ताडाच्या वाडीची, सातवी धाकट्या वाडीची, आठवी टोकाच्या वाडीची. झालं. परत पयली.”

“थांबा, थांबा. गुरांची? गुरं कुठे आहेत इथे?”

“नायत. माज्या सासूच्या वक्ताला व्हती.”

“मग त्या दिवशी पाणी कोण घेतं?”

“कोन नाय घेत.”

“का?”

“गुरं गेली मंजे काय बारी गेली?” फिलूबाय चिडल्याच. “दुसऱ्याची बारी कशी घेयाची? आनि पानी पन थकतंय बाबा. त्याला नको एक दिस?”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, त्या दिवशी पंप का बंद होते ते. पावसाळ्यात कोणालाच पाण्याची गरज नसते, पण बारीची गणती त्यांनी तेव्हाही कधी मोडलेली नाही. सासूने सुनेला सांगायचं, सुनेने पुढच्या सुनेला.

मोडीवाल्या गृहस्थांनी कापड सोडलं. पानं पिवळी पडली होती. त्यांनी चष्मा पुसला, बोट ठेवत ठेवत ते पान शोधलं. मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी नारळाच्या बुंध्याला हात टेकला होता आणि ओठ हलत होते. मी हिंदू, मला त्यांच्या प्रार्थना पाठ नाहीत, पण मीही मनातल्या मनात आमच्या गावदेवीला हाक मारली.

“पाणी,” गृहस्थांनी वाचलं. “बारमाही. वाड्या सात, बाऱ्या आठ.” ते थांबले, पुढची ओळ त्यांनी दोनदा पाहिली आणि फिलूबायकडे बघतच वाचली. “पाचवी गुरांची.”

मग ताडाच्या वाडीतून कोणीतरी शिट्टी मारली आणि एकच कल्ला झाला. वकील स्वतः हसत होते. त्यांनी फाइल मिटली आणि फिलूबायला म्हणाले, “आजी, तुमच्यापुढे मी काय बोलणार?” फिलूबाय म्हणाल्या, “बोलू नको, बस. चाय घे.” साहेब तिथेच जमिनीवर बसले आणि त्यांनी चपला काढल्या. पुढे किती तरी वेळ ते त्या मोडी लिहिणाऱ्या कारकुनाबद्दलच बोलत होते. “नाव नाही हो त्याचं कुठे. वरच्याने पुसलं, याने लिहून ठेवलं होतं. मी याच्या हाताखाली शिकायला हवं होतं.”

निकाल बावखलाच्या बाजूने लागला. नव्या मोजणीचं काम माझ्याकडे आलं. मी अनवाणी फिरले, हे सांगायला नकोच. मोजणीच्या दिवशी साहेबांना बोलावलं, कोरा कागद पुढे केला आणि म्हटलं, “सही माझी लागेल, नियम आहे. पण पहिली रेघ तुमची.” त्यांनी खिशातून तीच पेन्सिल काढली. झिजून बोटभर उरली होती. पन्नास वर्षं उशीर झालेलं ते निळं वर्तुळ त्यांनी इतकं सावकाश काढलं की माझ्या मदतनीसांचा चहा गार झाला.

त्या संध्याकाळी वाडीवाल्यांनी जेवण घातलं. सगळे पोटभर जेवल्यावर फिलूबाय उभ्या राहिल्या. “ऐका गे. पाचव्या बारीला धनी नाय. गुरं नायत. तर ती आमी इनासला देतो.”

“म्हणजे मी गुरं?” साहेब म्हणाले.

“पन्नास वरसं चुकून फिरलास, आता दावनीला आलास. मंग कोन तू?”

मोनिकाबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. साहेबांनी मान लववून ती बारी स्वीकारली. त्यांना तिथे वाडी नाही, केळ नाही. पाणी घेऊन करणार काय? पुढच्या पाचव्या बारीला ते आले, सदरा काढून केळीवर टाकला आणि बावखलात उतरले. बाहत्तर वर्षांचा माणूस! काठावरून मोनिकाबाई ओरडत होत्या, “अहो, वय काय, करताय काय!” आणि साहेब मधोमध पाठीवर पडून पोहत होते, जिथे त्यांच्या बापाने त्यांना ढकललं होतं त्याच पाण्यात. तेव्हापासून दर पाचव्या बारीला ते येतात. पंप बंद असतात, सगळ्या वाडीत शांतता असते आणि साहेब पाण्यात असतात.

आदरणीय काका, अशा लेखाच्या शेवटी शंभर वर्षं जगा असं म्हणायची रीत आहे. मी मोजणी कचेरीतली, मोघम मागणं मला जमत नाही. आठ दिवसांनी एक, या हिशोबाने तुमच्या शंभरीपर्यंत अजून अकराशे चाळीस पाचव्या बाऱ्या यायच्या आहेत. त्या सगळ्या तुम्हाला मिळोत, निरोगी, पायात बळ आणि छातीत दम असलेल्या. एकही चुकवायची नाही. मोनिकाबाई काठावर ओरडायला असतील, मी सुकेळी घेऊन येईन, आणि तुम्ही आलात की पहिलं वाक्य आता माझं असेल: “काका, आधी चपला काढा.”